दुपारची घरघर

घरात तिला सगळे टकळी म्हणत. लहानपणी ती बोलायला उशिरा लागली आणि एकदा लागली ती लागलीच, म्हणून आत्याने हे नाव ठेवलं होतं. कायद्याच्या कॉलेजात गेल्यावर तरी ते मागे पडेल असं तिला वाटत होतं, पण झालं उलटंच. "बघा, मी म्हणत नव्हते? तोंडाचं चीज झालं पोरीच्या!" असं आत्या आल्यागेल्याला सांगू लागली.

दुसरं वर्ष संपून उन्हाळ्याची सुटी लागली, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी मोठ्या वकिलांच्या ऑफिसात शिकाऊ म्हणून वर्णी लावून घेतली. टकळीची एका ठिकाणी मुलाखत झाली होती. पण मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांना तिने मध्येच थांबवून त्यांच्याच प्रश्नातली चूक दाखवली. त्यानंतर तिला काही कळवण्याची त्यांना गरज वाटली नाही. शेवटी कॉलेजातल्या फलकावर मोफत कायदा मदत केंद्राची चिठ्ठी दिसली. तिथे मुलाखतच नव्हती. जो येईल तो त्यांना हवाच होता.

"म्हणजे तू फुकट काम करणार, आणि तेही फुकट्या लोकांचं," आत्या म्हणाली.

"फुकट्या नाही गं, गरजू."

"तेच ते. डबा तरी मिळतो का?"

"डबा घरून न्यायचा," आई म्हणाली आणि विषय संपला. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. माणसाला नीट दिसायला लागलं की त्याची निम्मी भांडणं मिटतात, असं त्यांचं मत. ते एवढंच म्हणाले, "जा. लोक जवळून बघायला मिळतील."

केंद्र एका लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर होतं. दोनच खोल्या. पहिल्या खोलीत भिंतीला टेकून एक लांब बाक, पाण्याचं पिंप, आणि एका टेबलामागे कारकून काका. दुसऱ्या खोलीत मॅडम. खालच्या इस्त्रीची वाफ जिन्यातून वर यायची, त्यामुळे केंद्रात सदानकदा गरम, स्वच्छ कापडाचा वास. बाकावर बसलेल्या माणसांचे चेहरे मात्र चुरगळलेले असत. कुणाला घरातून काढलेलं, कुणाची नोकरी गेलेली, कुणाचा जावई बोलेनासा झालेला. एक आजोबा तर फक्त गप्पा मारायला येत. त्यांची तक्रार काय आहे हे केंद्रात कुणालाच माहीत नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

मॅडम पन्नाशीच्या. बारीक अंगकाठी, कापलेले पांढरे केस. वकिली सोडून त्या दुसरं काही बोलत नसत, पण हसायच्या मात्र अगदी मोकळ्या. पहिल्या दिवशी त्यांनी टकळीला एकच गोष्ट सांगितली : "समोरच्याचं बोलणं संपलं असं वाटलं की मनात गाणं म्हण एक कडवं. मग बोल. लोक खरी गोष्ट त्या कडव्याच्या वेळात सांगतात."

टकळीला ते फार जड गेलं. पहिल्या आठवड्यात तिने एकही कडवं पुरं केलं नाही.

शिवणवाल्या मावशी आल्या तेव्हा ती जरा रुळली होती. मावशी एकट्याच राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. चार मजली जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्याची खोली आणि त्यात एक शिलाई मशीन, हा त्यांचा संसार. शाळेच्या मुलांचे शर्ट, पडदे, उशांचे अभ्रे असं काहीबाही त्या शिवत. इमारतीच्या मालकाने त्यांना नोटीस पाठवली होती. राहत्या खोलीत धंदा चालवता, मशीनच्या आवाजाने खालच्या भाडेकरूची झोपमोड होते, महिन्याभरात खोली रिकामी करा.

"खालचा भाडेकरू कोण?" टकळीने विचारलं.

"बस चालवतो तो. रात्रपाळी असते, दिवसा झोपतो. आधी चांगला होता हो. जिन्यात भेटला की पिशवी वर आणून द्यायचा. आता तोंड फिरवतो." मावशींनी पदराने नाही, गळ्यातल्या मापाच्या फितीनेच डोळे टिपले; ती कायम तिथेच असायची. "बाळा, मी दुपारी मशीनला हात लावत नाही. खिडकीतून ऊन थेट मशीनवर येतं. तेव्हा मी आपली खाली बसून काज-बटणं करते. मग हा कुठला आवाज ऐकतो? स्वप्नात?"

टकळीचं डोकं तापलं. तिच्या लेखी सगळं स्पष्ट होतं. मालकाला कोपऱ्याची खोली हवी, बसवाल्याला त्याने हाताशी धरलेलं, आणि एकट्या बाईला दोघं मिळून घराबाहेर काढतायत. तिने बसल्या बैठकीला नोटिशीचं उत्तर लिहून काढलं. त्यात 'धादांत खोटी', 'बनावट', 'दुष्ट हेतूने प्रेरित' असे शब्द होते, आणि शेवटच्या वाक्याला तर तिला स्वतःलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मॅडमनी ते वाचलं. पेन घेतलं. एकेक विशेषण खोडत गेल्या. कागदावर मावशींचं नाव, पत्ता आणि थोडासाच मजकूर उरला.

"त्या बसवाल्यांना तू भेटलीस?"

"नाही. ते तर विरुद्ध पक्षाचे—"

"नोटीस मालकाची आहे. बसवाले साक्षीदार आहेत, शत्रू नाहीत. तक्रार खोटी कशावरून?"

टकळीने 'कारण—' म्हणून सुरुवात केली आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. आयुष्यात फार कमी वेळा तिच्यावर ही पाळी आली होती.

"भेटून ये," मॅडम म्हणाल्या. "कसलंही वचन देऊ नकोस, कुणालाही धमकावू नकोस. आणि दुपारीच जा."

इमारत बसच्या आगारामागच्या गल्लीत होती. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आणि पत्र्याच्या टपालपेट्या. जिना अंधारा पण धुतलेला. पहिल्या मजल्यावरचं दार बसवाल्यांच्या बायकोने उघडलं. ती हॉस्पिटलात सकाळच्या पाळीला होती आणि नुकतीच घरी येऊन शेंगा सोलत बसली होती. टकळी कुठून आली हे कळल्यावर तिने दार अर्धं लोटून घेतलं, तेवढ्यात आतून आवाज आला, "येऊ दे गं त्यांना. झोप तशीही होत नाहीये."

बसवाले दादा बाहेर आले. उंच माणूस, अंगात बनियन, डोळे सुजून लाल झालेले. खोटं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो ते टकळीला ठाऊक नव्हतं, पण न झोपलेल्याचा कसा असतो हे परीक्षेच्या दिवसांत आरशात पाहून तिला चांगलं ठाऊक होतं.

"त्या बाईंनी पाठवलं का?" दादांनी विचारलं.

"मी त्यांच्या बाजूची आहे, हे खरं. पण तुमचं म्हणणं ऐकायला आले."

"माझं म्हणणं ऐकू नका. तो आवाज ऐका. बसा इथे. रोज याच सुमाराला सुरू होतो. रात्रभर गाडी चालवतो मी. मागे माणसं झोपलेली असतात. मला डुलकी लागून कसं चालेल?"

त्यांनी आतल्या खोलीत पलंगाशेजारी खुर्ची मांडली. टकळी बसली. दादा पलंगाच्या कडेवर, वहिनी उंबऱ्यात शेंगांची परडी घेऊन. सगळे छताकडे बघत राहिले. छत शांत होतं.

"किती दिवस झाले याला?" टकळीने विचारलं.

"हिवाळ्यापासून."

"आणि आवाज नेमका कसा? म्हणजे खडखड, की ठोकल्यासारखा, की—"

"ताई," दादा म्हणाले, "गप्प बसाल तर ऐकू येईल."

वहिनीने परडीत तोंड लपवून हसू दाबलं. टकळी गप्प बसली. बाहेर कुणीतरी कपडे धुऊन झटकत होतं. पंखा सावकाश फिरत होता. मनातलं कडवं संपलं, दुसरं झालं. उकाड्याने तिचे डोळे जड झाले आणि ज्या खोलीत कुणाला झोप येत नाही म्हणून ती तपासाला आली होती, त्याच खोलीत, खुर्चीवर बसल्या बसल्या ती चक्क झोपी गेली.

घुर्रर्रर्र!

ती दचकून उठली. आवाज डोक्यावरूनच येत होता. दाबलेला, जाड, जबड्यात दात किरकिरावेत तसा. मध्येच थोडा उतरायचा, पुन्हा चढायचा. आणि खरंच, कुणी पायाने मशीन चालवावं तसाच.

"आता?" दादा म्हणाले. "आता काय म्हणता? आणि तुम्हाला तर चांगली लागली होती!"

टकळीने चपला तिथेच टाकल्या आणि अनवाणी जिना चढून वर गेली. कोपऱ्याच्या खोलीचं दार उघडंच होतं. मावशी जमिनीवर पाय पसरून बसलेल्या, मांडीत शाळेच्या शर्टांचा ढीग, तोंडात दोरा. मशीनवर झाकण, झाकणावर चादर, आणि चादरीवर वाळत घातलेल्या वाट्या.

"काय गं बाळा, काय झालं?"

टकळी जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकली आणि आवाजाची सगळी देणगी पणाला लावून ओरडली, "दादा! आहात तसे वर या! लवकर!"

दादा बनियनवरच वर आले. दारातच थबकले. किती महिन्यांनी ते या दाराशी आले होते कोण जाणे. त्यांनी मशीनकडे पाहिलं, वाट्यांकडे पाहिलं, मावशींच्या हातातल्या सुईकडे पाहिलं. खालून घरघर ऐकू येतच होती.

"मग," ते हळूच म्हणाले, "हे काय वाजतंय?"

"तेच तर मी म्हणत होते," मावशी म्हणाल्या. "पण ऐकतो कोण!"

आणि मग भांडण राहिलं बाजूला आणि सगळे आवाजाच्या मागे लागले. मावशींनी आपल्या दाराबाहेरच्या भिंतीला कान लावला. दादांनी जिन्यातल्या भिंतीला लावला. वहिनीने स्टीलचा पेला आणला, त्याचं तोंड भिंतीला आणि बूड कानाला लावून ती डॉक्टरसारखी जागोजाग तपासत निघाली. हॉस्पिटलात काम करून एवढं तर येणारच, म्हणाली. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ पिशवी घेऊन खाली उतरत होते. चार माणसं चार ठिकाणी भिंतीला चिकटलेली बघून ते क्षणभर थांबले, आणि काही न विचारता पावलं न वाजवता निघून गेले.

"इथे! इथे!" वहिनी ओरडली. पहिल्या मजल्यावरच्या न्हाणीघरात, माळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, पाण्याचा जाड पाइप भिंतीतून बाहेर येऊन पुन्हा छतात शिरत होता. तिने स्टुलावर चढून पाइपला हात लावला. "अगं बाई, थरथरतोय हा! मुंग्या आल्या हाताला."

टकळीने वर पाहिलं. पाइप जिथे छताच्या तुळईला लोखंडी पट्टीने आवळलेला होता, तिथली पट्टी सैल झाली होती आणि पाइप तिच्यावर दात आपटल्यासारखा आपटत होता. तिला इमारतीत शिरताना अंगणात दिसलेली पंपाची नवी हिरवी मोटार आठवली.

"दादा, पाणी चढवायचा पंप खाली आहे ना? तो बंद करता येईल का? अगदी थोडा वेळ?"

दादा जिना उतरून मागच्या अंगणात गेले. वहिनी स्टुलावर, टकळी न्हाणीघराच्या खिडकीत, मावशी मधल्या दारात.

"केला बंद!" खालून आवाज आला.

घर एकदम शांत झालं. इतकं शांत, की पंख्याच्या पात्याची कुईकुई पहिल्यांदाच ऐकू आली.

"थांबलं!" टकळी खिडकीतून ओरडली. "करा चालू!"

घुर्रर्रर्र.

"बंद!"

शांतता.

"चालू!"

"अहो, पाणी का जातंय मध्येच?" चौथ्या मजल्यावरून कुणीतरी बाई ओरडली. "डोक्याला साबण लावून बसलेय मी!"

वहिनी स्टुलावरच खदखदून हसायला लागली. तिला धरायला गेलेल्या मावशीही हसायला लागल्या, आणि दादा वर आले तेव्हा दोघी एकमेकींना धरून न्हाणीघरात डोळे पुसत होत्या.

दादा मात्र हसले नाहीत. ते मावशींसमोर उभे राहिले. एवढा उंच माणूस, पण मान खाली.

"मी मालकांना पंपाचं नाही, आवाजाचं सांगितलं होतं," ते म्हणाले. "ते म्हणाले, वर शिवणकाम चालतं ना, मग आवाज तिथलाच. तुम्ही फक्त सही करा, बंदोबस्त मी करतो. मला झोपेपुढे दुसरं काही सुचत नव्हतं, काकू. मी वर येऊन एकदा बघायला हवं होतं."

टकळीच्या जिभेवर दोन-चार समजुतीची वाक्यं आली होती. ती तिने गिळली आणि मनात कडवं म्हटलं. ते अर्ध्यावर आलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "मीही खाली येऊन विचारलं नाही. तोंड फिरवलंस तेव्हा मीपण फिरवलं." मग थोड्या वेळाने, "जेवलास का तू?"

दुसऱ्या दिवशी टकळीने मॅडमना सगळं सांगितलं; झोप लागल्याचंही. मॅडम इतक्या हसल्या की कारकून काका आत डोकावून गेले. मग त्या एकदम गंभीर झाल्या.

"आवाजाचा मुद्दा गेला. पण 'राहत्या खोलीत धंदा' हा मुद्दा शिल्लक आहे. मालक तो धरून बसणार. त्यांना बोलावून घेऊ. आणि हे बघ, बैठकीत तू बोलायचं नाहीस. तुला अजून सनद नाही."

"अजिबात?"

"अजिबात. पाणी दे सगळ्यांना."

बैठकीच्या दिवशी केंद्रातल्या दुसऱ्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या, म्हणून बाकच आत आणला. मालक सोज्वळ दिसणारे, गुळगुळीत दाढी केलेले गृहस्थ होते. मावशींच्या शेजारी बसवाले दादा आणि वहिनी बसलेली पाहून त्यांचा चेहरा जरा पडला. आपला साक्षीदार बाकाच्या चुकीच्या बाजूला बसलाय, हे त्यांच्या लक्षात आलं.

"तुम्ही इकडे बसा ना," ते दादांना म्हणाले.

"इथे बरं आहे," दादा म्हणाले.

मॅडमनी आवाजाची हकिगत थोडक्यात सांगितली. दादांनी आपली तक्रार मागे घेत असल्याचं सांगितलं, आणि आता पंपाच्या आवाजाबद्दलची नवी तक्रार ते, वहिनी आणि मावशी अशी तिघं मिळून करत असल्याचंही. मालकांनी ऐकून घेतलं. मग घसा साफ केला.

"ठीक आहे. पंपाचं बघू. पण मूळ प्रश्न तसाच राहतो. खोली राहायला दिली होती, धंद्याला नाही. उद्या प्रत्येक जण घरात कारखाना काढेल. मला तर कल्पनाच नव्हती की इथे शिवणकाम चालतं म्हणून."

टकळी पाण्याचं भांडं भरता भरता थांबली. बोलायचं नाही म्हणजे नाही. तिने दातांवर दात रोवले.

"कल्पना नव्हती?" मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "साहेब, तुमच्या बैठकीच्या खोलीतले निळे पडदे कुणी शिवले?"

मालक बाकावर जरा सरकून बसले.

"डावीकडचा बोटभर आखूड झाला म्हणून तुम्ही स्वतः जिना चढून परत घेऊन आला होतात. मी खाली पट्टी जोडून दिली. अजून आहे ना ती पट्टी? की उसवली?"

"नाही, आहे. चांगली आहे," मालक बोलून गेले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. कान लाल झाले. वहिनी छताकडे बघू लागली. कारकून काकांना दाराबाहेर अचानक खोकला आला.

मॅडमच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "एक बाई, एक मशीन," त्या शांतपणे म्हणाल्या. "नोकर नाही, पाटी नाही, दारात गिऱ्हाइकांची रांग नाही. त्या तिथे राहतात आणि राहता राहता शिवतात. याला धंद्यासाठी जागा वापरणं म्हणणं कठीण आहे, आणि तुम्हाला माहीत असताना तर फारच कठीण. तरी तुमची इच्छा असेल तर आपण कोर्टात जाऊ. तिथे पंपही येईल, पाइपही येईल, आणि पडद्याबद्दल मला तुम्हाला विचारावं लागेल. नाहीतर आत्ता इथे, पाणी पिऊन, मिटवू."

मालक पाणी प्यायले. पूर्ण भांडं प्यायले. टकळीने दुसरं भरून दिलं, तेही प्यायले.

"काय लिहायचं?" त्यांनी विचारलं.

लिहिण्याचं काम मॅडमनी टकळीला दिलं. नोटीस मागे. पंपाखाली आणि पाइपच्या पट्टीत रबर. पंप चालू करायचा तो सकाळी, दादा कामावरून यायच्या आत. मावशींनी काळोख पडल्यावर मशीन चालवायचं नाही. ते तर त्या तशाही चालवत नसत, पण त्यांनी आनंदाने मान डोलावली. टकळीने मसुदा कॉलेजात शिकवलेल्या भाषेत लिहिला आणि मोठ्याने वाचला. शेवट होईपर्यंत दादांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"ताई, यातलं 'उपरोक्त' कोण?"

"तुम्हीच."

"मग मलाच म्हणा ना!"

टकळीने ते पान बाजूला सारून पुन्हा लिहिलं. या वेळी तिने एकेक वाक्य लिहायच्या आधी ते दादांना तोंडी सांगून पाहिलं. त्यांनी मान हलवली की कागदावर उतरवलं. सगळ्यांनी सह्या केल्या. मॅडमनी चष्मा चढवून ते वाचलं आणि एकही शब्द खोडला नाही. टकळीला वाटलं, परीक्षेत पहिला नंबर आला असता तरी एवढं बरं वाटलं नसतं. त्याबद्दलही ती कुणाला काही बोलली नाही, निदान घरी पोचेपर्यंत. घरी मात्र तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना आत्याने ताट वाढून पुढे ठेवलं आणि म्हणाली, "त्या पडद्याचं परत सांग."

पुढच्या आठवड्यात मॅडमनी तिला काम झालं का बघायला पाठवलं. उतरत्या दुपारी ती जिना चढली. पहिल्या मजल्यावर वहिनी दारातच उभी होती. ओठांवर बोट ठेवून तिने वर खूण केली आणि दोघी चोरपावलांनी मावशींकडे गेल्या.

मावशींनी उरलेल्या कापडांच्या तुकड्यांची जाड गादी शिवून मशीनच्या पायांखाली घातली होती. गरज नव्हती, तरी घातली होती. तिघी जमिनीवर बसल्या. मावशी बटणं लावत होत्या, वहिनी दोरे ओवून देत होती, टकळीला शर्टांच्या घड्या घालायला दिल्या होत्या. बोलणं कुजबुजतच चाललं होतं. मावशींची मुलगी पुढच्या महिन्यात येणार होती. वहिनीची पाळी बदलणार होती. खिडकीतलं ऊन मशीनवरून सरकत भिंतीवर गेलं, तरी कुणाला उठावंसं वाटेना.

अचानक खालून धाडकन दार उघडल्याचा आवाज आला.

"अगं ए! किती वाजले? मला उठवलं का नाही?"

वहिनी उठून कठड्याशी धावली. "कितीदा हलवलं! तुम्ही कूस बदलून परत झोपलात!"

दादा जिन्यात दिसले. एका हातात बूट, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, गालावर उशीची घडी उमटलेली. टकळीला पाहून ते थांबले.

"ताई, कामावर उशीर झाला तर तुमचं नाव सांगणार आहे," ते म्हणाले, आणि हसत, एका पायावर उड्या मारत बूट चढवत खाली गेले.

थोड्या वेळाने टकळीही निघाली. आगाराजवळच्या थांब्यावर संध्याकाळची गर्दी नुकती जमत होती. तिची बस आली, तिला खिडकीजवळ जागा मिळाली, आणि वारा तोंडावर घेत ती घरी गेली. जेवताना बाबांनी विचारलं, "मग, सुटी संपत आली. आता?"

"मॅडमना विचारलं मी. कॉलेज सुरू झालं तरी शनिवारी येऊ का म्हणून."

"काय म्हणाल्या?"

"ये म्हणाल्या. सकाळी लवकर ये, म्हणजे बाकावर जागा मिळेल."

आत्याने तिच्या ताटात आणखी भाजी वाढली. "शनिवारी मग मी येते तुझ्याबरोबर एकदा," ती म्हणाली. "समोरच्या बाईंच्या कुंड्यांचं पाणी आपल्या गॅलरीत पडतं. त्याचं काय करायचं ते बघू."